शिवदासच्या छातीतला वारा

गेल्या वर्षापर्यंत सिद्धी परब हजेरीला इतकं हळू 'हजर' म्हणायची की बाई तिची गैरहजेरी लावून पुढच्या नावावर जायच्या. मग शाळेच्या वार्षिक दिवसाला तिने बाबांचा जुना ट्रॉम्बोन वाजवला. ट्रॉम्बोन म्हणजे ती लांबलचक पितळी नळी, जिचा अर्धा भाग हाताने पुढे-मागे सरकवत सूर काढतात. सिद्धीचा हात सगळ्यात लांबच्या सुरापर्यंत पुरत नव्हता, म्हणून ती वाजवता वाजवता कमरेतून अशी वाकली की पुढच्या रांगेतल्या पोरांना वाटलं, ही आता आपल्या अंगावर येणार. ती आली नाही, टाळ्या आल्या. आणि त्या दिवसापासून पोरीच्या तोंडाचं कुलूप जे निघालं ते निघालंच. वर्गात, बसमध्ये, मासळीबाजारात, जिकडे तिकडे सिद्धीचा आवाज. "माझो बापूस जॅझ वाजयता, आणि मी पण," हे ती ओळखदेख नसलेल्या माणसालाही सांगून टाकायची.

तिची आई शेवंती अंगणवाडीत मदतनीस होती. घरी आल्यावर ती कपाळाला हात लावायची. "आधी गप रवायस ती बरी होतंस गो. आता वारो लागलो तुका."

बाबा, म्हणजे शिवदास परब, यांची उमेदीची सगळी वर्षं डिचोलीला गेली. खाणीवरून लोखंडाची माती ट्रकात भरायची आणि जेटीवर नेऊन ओतायची, हे त्यांचं काम. ट्रकच्या काचा वर केल्या तरी तांबडी धूळ आत यायची, चहाच्या कपात, डब्यातल्या भातात, कानात. आठवडाभर ट्रक आणि रविवारी वास्को. वास्कोत सिप्रियान मेस्त राहायचे. वाजवायला शिकवणाऱ्याला तिकडे मेस्त म्हणतात. बंदराला बोट लागली की नाचाच्या हॉलात मेस्तांचा ट्रॉम्बोन ऐकू यायचा. त्यांनी स्वतः बांधलेल्या चाली होत्या, त्या कधी कुणी रेकॉर्ड केल्या नव्हत्या. पेडण्याकडचा हा हडकुळा ट्रकवाला शिकायला आला, तेव्हा मेस्तांनी कलिंगड बघतात तशी त्याच्या छातीवर टिचकी मारली म्हणे आणि म्हणाले, "वारें आसा. बस."

खाणी बंद पडल्या, ट्रक अंगणात गंजला, बाबा लग्नांत आणि कार्निव्हलला वाजवत राहिले. मग मेस्त वारले. त्यांच्या हाताखाली शिकलेला दुसरा कुणी उरला नव्हता. मेस्तांच्या मातीहून परत येताना बाबांनी बसमध्ये ठरवलं, मेस्तांच्या सगळ्या चाली एका अल्बमात घालायच्या, अल्बमावर फोटो मेस्तांचा, आणि मग गावोगाव त्या वाजवायच्या. पहिला कार्यक्रम डिचोलीला, मग म्हापसा, मडगाव, पेडणे आणि शेवटचा वास्कोला, जिथे मेस्तांची बायको पहिल्या रांगेत बसेल.

अल्बम डिचोलीत एका मित्राच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड झाला. भिंतींना गाद्या लावल्या, खिडकीत उशा कोंबल्या. आत बँडपुरतीच जागा होती, म्हणून सिद्धी बाहेर पायरीवर बसून भूगोल पाठ करायची. बाबा एकेक चाल वाजवायचे आणि मग बराच वेळ गादीला पाठ टेकून नुसते बसायचे. अल्बमात वारा आहे तो त्यांचा, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ते कुणी ऐकून घेतलं नाही.

अल्बम हातात आला आणि पाठोपाठ बाबांच्या खोकल्याचं निदान आलं. आईला रजा नव्हती, म्हणून इस्पितळात बाबांबरोबर सिद्धीच गेली होती. डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. खाणीची धूळ वर्षानुवर्षं साचून फुप्फुसं कडक झाली आहेत, म्हणाले. स्पंज असायला हवा तिथे काथ्या आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपायचं. धूर टाळायचा, धूळ टाळायची, फुंकायचं कुठलंही काम करायचं नाही, चूलसुद्धा फुंकायची नाही.

"ट्रॉम्बोन?" सिद्धीने विचारलं.

डॉक्टरांना वाटलं, पोरगी गंमत करते आहे.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आवशीक सांगा नको. धुळीची ॲलर्जी आसा म्हणून सांगतलंय मी तिका."

"आणि कार्यक्रम?"

"वास्को होईसर धरतलंय. मगे सगळा सांगतलंय."

डिचोलीचा हॉल जुन्या ट्रकवाल्यांनीच अर्धा भरला होता. त्यातले बरेचजण बाबांसारखेच खोकत होते, त्यामुळे बाबांचा खोकला कुणाच्या लक्षात आला नाही. बाबा पुढे, सिद्धी त्यांच्या मागे दुसऱ्या खुर्चीवर, बाजूला बाबलीमामा आपल्या माणसाएवढ्या उंच बेसला मिठी मारून उभा. बाबलीमामा काही सख्खा मामा नव्हे. बँडातला बेसवाला आणि कार्यक्रम ठरवणारा, पण लहानपणापासून तिने त्याला मामाच म्हटलेलं. तिसऱ्या चालीत बाबांचा एकट्याचा भाग आला. त्यांनी छाती भरून घेतली, आणि ती भरलीच नाही. सूर निघाला, लांबला आणि मधेच विझला, समईची वात तेल संपल्यावर विझते तसा. बाबांचे खांदे वर गेले ते खाली येईनात.

सिद्धीने विचार केला नाही. ट्रॉम्बोन ओठाला लावला आणि जिथे सूर तुटला होता तिथूनच उचलला. ही चाल तिला पायरीवर बसून बसून भूगोलापेक्षा जास्त पाठ झाली होती. लोकांना वाटलं, असंच बसवलेलं आहे, बापाने लेकीला मान दिला. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी बाबलीमामा चोपडे गावी, परबांच्या घरी आला. आई अंगणवाडीत होती. बाबा ओसरीवर खुर्चीत, नदीकडे तोंड करून.

"लोक काय म्हणतत आयकलंस, शिवदासा? बापाशीचा मन मोठा."

"माका मोठा मन नको. माझो सोलो होतो तो."

"होतो. पण आता तुज्यान जावचो नाय. मी बाजूक उभो होतंय, माका दिसला." बाबलीने हनुवटीने दाराकडे दाखवलं. "पोरगी वाजयता ना? मगे पडद्याफाटी बसय तिका. तू पुढे बस, हात हलय. मायक थंय आत लावूया."

सिद्धी दारात उभी होती. "म्हणजे वाजवतलंय मी आणि टाळ्यो बाबांका?"

"टाळ्यो मेस्ताक," बाबा म्हणाले.

"ह्या फसवणा नाय काय?"

"फसवणा कसला?" बाबलीने पाय लांब केले. "दशावतारात राणी कोण होता? बाप्या. मिशी काढून लुगडा नेसता. तरी बायका त्येच्या पायां पडतत. लोकांका सोंग नडत नाय, बाय."

"थंय लोकांका ठावक आसता, मामा, की तो बाप्या. हंय कोणाक ठावक आसा?"

"शिवदासा, ह्या पोरीक शाळेत घातलंस ती तुजी चूक," बाबली म्हणाला आणि एकटाच हसला.

बाबा हसले नाहीत. बराच वेळ श्वास गोळा करून म्हणाले, "सिद्धू, मेस्ताकडे मी एकलो उरलंय. वास्कोक त्याची बायल पुढे बसतली. तिच्या समोर माका त्या खुर्चेर बसाक होया. तितक्याच. मगे तू म्हणशीत तसा."

त्यांनी तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं कधी. आणि खरं सांगायचं तर, तिला वाजवायचंही होतं. शाळेचा हॉल कुठे आणि म्हापशाचा कुठे. ती हो म्हणाली.

परीक्षा जवळ आली म्हणून मुलगी यापुढे बसणार नाही, असं बाबलीमामाने माइकवर जाहीर केलं. आईला सांगितलं, सिद्धी कपडे-पाणी बघायला बरोबर येते. म्हापशाला स्टेजवर एक मोठा पांढरा पडदा होता आणि त्यावर मेस्तांचा रंगवलेला चेहरा. पडद्याच्या मागे स्टूल, स्टुलावर सिद्धी, समोर माइक. पुढच्या दिव्यांमुळे बाबांची सावली पडद्यावर पडायची. सावलीचा हात पुढे गेला की सिद्धीचा हात पुढे, सावली मागे आली की ती मागे. एका चालीत तर तिला वाटलं, आपणच सावली आहोत आणि पलीकडे कुणीतरी आपल्याला हलवतंय.

आणि काय वाजवलं तिने. समोर माणसं दिसत नाहीत म्हटल्यावर भीती म्हणून उरली नव्हती. सूर असा निघाला की बाबलीमामाने बेस वाजवता वाजवता पडद्याकडे वळून बघितलं, जे त्याने मुळीच बघायला नको होतं. टाळ्या पडद्याच्या कापडातून आल्या, गोधडीतून ऐकावं तशा, तरी सिद्धीला आभाळ ठेंगणं झालं. मडगावला तर लोक उभे राहिले. कुणीतरी मोबाईलवर घेतलेला तुकडा गावभर फिरला. पन्नाशी उलटलेल्या माणसाची छाती बघा, लिहिलं होतं खाली. शेवंतीने तो अंगणवाडीतल्या बायकांना ऐकवला, दुधाच्या डेअरीवर ऐकवला, सावंतवाडीच्या आपल्या बहिणीला फोन लावून फोनमधून ऐकवला.

"गोळ्यो कित्या खातंत आता हे?" ती म्हणू लागली. "ॲलर्जी ती. गेली."

पण खोकला गेला नव्हता. मडगावहून आल्यावर तो आणखी खोल उतरला. बाबा जिना चढताना थांबायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो आहोत असं दाखवायचे. आईने दोन्हींचा मेळ तिच्या परीने घातला: एवढं वाजवतात, एवढ्या टाळ्या पडतात, गावाची नजर लागणारच.

पेडण्याच्या कार्यक्रमाआधीच्या रविवारी, तिन्हीसांजेला, तिने शेगडीत नारळाची सोडणं पेटवली आणि निखारे झाल्यावर शेगडी खोलीत आणली. बाबांना पाटावर बसवलं. मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या घेऊन त्यांच्यावरून उतरवायला लागली. "आल्याची, गेल्याची, आयकणाऱ्याची, टाळ्यो वाजवणाऱ्याची, सगळ्यांची दिष्ट जळान जावंदी." आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

सिद्धी मागच्या दारातून आत आली, तेव्हा खोलीत धूर इतका होता की बाबा दिसले नाहीत, फक्त ऐकू आले. तो खोकला नव्हता. ओलं कापड टरकावं तसा आवाज होता. आई त्यांचा खांदा धरून उभी होती. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती मायेने म्हणत होती, "खोका, खोका. भायर पडता ती. पडूंदी."

सिद्धीने शेगडीची कडी ओढली. हात भाजला. शेगडी उंबऱ्याला आपटून उलटली, निखारे अंगणात गेले.

"अशी काय करतंस गो, मेले?"

"धूर चलना नाय त्यांका. डॉक्टरान सांगलेला आसा. त्यांची छाती गेली आई, खाणीच्या धुळीन. फुंकाक पण मना केलेला आसा."

"कोणाक? हेंका?" शेवंती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "डॉक्टर काय तरी सांगतत. मडगावाक लोक उभे ऱ्हवले. मी माज्या कानांनी आयकलंय. ज्याच्या छातीत वारो नाय, तो असो वाजयता?"

"ता मी वाजयलंय."

खोलीत धूर हळूहळू विरळ होत होता.

"पडद्याफाटल्यान. म्हापशाक आणि मडगावाक, दोनय फावट. बाबा नुसतो हात हलयतत."

आईने तिच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात शिळी मासळी बघतात तसं. "शाळेत टाळ्यो गावल्यो, त्या पुरल्यो नाय? बापाशीच्योय तुका होयो?"

"बाबांका विचार."

"काय ओ," शेवंती वळली, "ही काय सांगता?"

बाबा पाटावर दोन्ही हात टेकून बसले होते. ओठ जांभळे पडले होते, जांभळं खाल्ल्यावर होतात तसे. बोलायला श्वास नव्हता. त्यांनी मान वर केली, आधी बायकोकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि मान हलवली. नाही.

"आयकलंस?" आई म्हणाली. "आणि आयक, बाबलीचो फोन इल्लो. वास्को झाली काय पुणे, मगे बंगळूर. मी सांगलंय, हेंका घेवन जावा. घराची काळजी करू नकात."

सिद्धी बाबांकडे बघत राहिली. बाबा पाटावरची मोहरी बोटाने गोळा करत होते. पुण्याचं त्यांना माहीत होतं. ते नको म्हणाले नव्हते.

भाजलेल्या हाताला खोबरेल लावताना सिद्धीला समजलं, आणि समजल्यावर तिला बसवेना. आपण जितकं चांगलं वाजवतो, तितके बाबा आईच्या डोळ्यांत धडधाकट होतात. आपला प्रत्येक लांब सूर म्हणजे त्यांच्या तब्येतीची खोटी साक्ष. आणखी दोन कार्यक्रम, मग पुणे, मग बंगळूर. प्रत्येक टाळीनंतर एक शेगडी. सांगून झालं होतं. सांगण्याचा उपयोग नव्हता, तिच्या तोंडावर आता कुणाचा विश्वास नव्हता. ती गप्प बसणारी मुलगी असती तर आईने कदाचित ऐकलं असतं.

पेडण्याचा कार्यक्रम तिच्याच शाळेच्या मैदानावर होता. ज्याची तिने सगळ्यात जास्त वाट बघितली होती तोच. वर्गातल्या पोरी पुढे चटईवर, बाई खुर्च्यांवर, चोपड्याहून टेम्पो भरून आलेली माणसं, आणि पहिल्या रांगेत आई, मोरपंखी साडीत, केसांत अबोलीचा वळेसर. सुरुवातीला गावच्या रिवाजाप्रमाणे गाऱ्हाणं झालं. एक म्हातारा गावकार हात जोडून पुढे आला आणि बाराच्या पूर्वसाला, वेशीवरच्या राखणदाराला, सगळ्या देवादिकांना साद घातली. "ह्या तुझ्या लेकरान मेस्ताचा नाव घेवन आज हंय वाजवूक घेतलेला आसा. त्याच्या वाऱ्याक बळ दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळं मैदान म्हणालं. त्यात आईचाही आवाज होता. पडद्यामागे सिद्धीचे ओठ हलले, व्हय म्हाराजा.

पहिल्या दोन चाली तिने जीव ओतून वाजवल्या. थांबायचं तिने ठरवलं होतं, पण कुठे ते ठरलं नव्हतं, आणि सूर असा लागला होता की दर वेळी वाटायचं, एवढं संपू दे. शेवटी हे असंच वाटत राहणार, हे तिला कळलं. तिसरी चाल सुरू झाली. बाबांचा एकट्याचा भाग आला. सावलीने ट्रॉम्बोन वर उचलला, सिद्धीने उचलला, चार-सहा सूर गेले, मैदान शांत झालं.

सिद्धीने ट्रॉम्बोन मांडीवर ठेवला.

पडद्यावर सावलीचा हात पुढे गेला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. आवाज नव्हता. फक्त बेस धप धप चालला होता, तोही मग अडखळला. मैदानात कुणीतरी म्हणालं, "साउंड गेलो रे." कुणीतरी हसलं. साउंडवाला बटणं फिरवू लागला. सावलीचा हात अर्ध्यावर थांबला आणि तिथेच राहिला.

बाबांनी वळून बघितलं नाही. वाद्य तिच्या मांडीवर होतं, तोंडापासून वीतभर. अजून उचललं असतं तर लोकांनी साउंडलाच दोष दिला असता. तिच्या वर्गातल्या पोरी तिथे चटईवर बसल्या होत्या. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

मग पलीकडून आवाज आला.

बाबा खरोखर फुंकत होते. बारीक, चिरका, फाटलेला सूर, पोरं शिकायला लागतात तेव्हा काढतात तसला. पण चाल बरोबर होती. मेस्त प्रत्येक सुरावर किंचित उशिरा पोचायचे, उंबऱ्यावर जरा थांबून मग घरात शिरावं तसे. सिद्धीने हे कितीदा करून बघितलं होतं आणि तिला ते कधी जमलं नव्हतं. त्या फाटक्या सुरात ते होतं. मैदानात कुणाला काय कळलं देव जाणे, पण कुणी हसलं नाही. एक ओळ पूर्ण झाली. दुसरी सुरू झाली, आणि सावली पुढे वाकली, आणखी वाकली, आणि पडद्यावरून नाहीशी झाली. पितळ फळ्यांवर आपटल्याचा आवाज झाला. पडताना बाबांच्या हातात पडद्याची कडा आली होती. मेस्तांचा रंगवलेला चेहरा वरून सुटून खाली गोळा झाला, आणि मागे स्टुलावर बसलेली सिद्धी सगळ्या गावाला दिसली.

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे कार्यक्रमातच आहे.

शेवंतीला तसं वाटलं नाही. ती स्टेजवर कधी चढली ते कुणी बघितलं नाही. तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, त्याचे ओठ बघितले. मग मान वर करून मुलीला बघितलं, तिच्या मांडीवरचा ट्रॉम्बोन बघितला, माइक बघितला. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट येऊन बसत होती. शेवटी आली ती शेगडी असावी, कारण तिने पदर तोंडात कोंबला.

"गाडी," ती म्हणाली. एवढंच.

बाबा वाचले. त्याला वाचणं म्हणायचं तर. कितीतरी दिवस इस्पितळात राहून घरी आले तेव्हा बरोबर ऑक्सिजनचं मशीन आलं. नाकाला नळी, आणि दिवसरात्र घरघर. वास्कोचा कार्यक्रम रद्द झाला. मेस्तांच्या बायकोला बाबलीमामा जाऊन सांगून आला, आणि परत आल्यावर ती काय म्हणाली हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आई बाबांचं सगळं करायची, न बोलता. एकदा तिने सिद्धीला विचारायला तोंड उघडलं, "आधी कित्या नाय..." आणि मधेच थांबली. कारण सिद्धीने आधी सांगितलं होतं. शेगडी तिने घरातूनच काढून टाकली.

बाबा सिद्धीशी बोलत नव्हते. तिने भात आणला तर खायचे, नळी सरळ केली तर करू द्यायचे. तिच्याकडे बघत नसत.

आणि गावाने आपला निकाल लावून टाकला. शाळेत पोरींनी तिला मधल्या सुट्टीत घेरलं. "किती भारी वाजवतेस गं तू. अल्बम पण तुझाच ना?"

"नाय. अल्बम बाबांचा."

"चल गं."

डेअरीवर, बसमध्ये, तेच. म्हापशाला फसवलं, मडगावला फसवलं, मग अल्बमातच कशाला खरं असेल? आता लोक अल्बम मुद्दाम शोधून ऐकायचे आणि म्हणायचे, बघा, सोळा वर्षांच्या पोरीची छाती. ज्या कौतुकासाठी ती गेल्या वर्षी कुणालाही रस्त्यात अडवून बोलायची, ते आता दारात चालत येत होतं, आणि तिला ते नको होतं. तिने जितकं नाही म्हणावं तितकं लोकांना ते खरं वाटायचं. गुणी पोर, म्हणायचे, बापाची बाजू सोडत नाही.

एका दुपारी शाळेच्या समितीवरचे योगेश देसाई समाचाराला आले. खाटेशेजारच्या खुर्चीत बसले, चहा घेतला, मशीनकडे आदराने बघितलं.

"शिवदास, झालं ते झालं," ते म्हणाले. "तुम्ही मुलीला घडवलंत, हे काय थोडं आहे? फक्त एक उत्सुकता आहे हां, राग मानू नका. त्या अल्बमात तुम्ही स्वतः वाजवलेलं किती आहे? काही आहे ना?"

बाबांनी तोंड उघडलं. श्वास आत घेतला, तो शब्दाला पुरला नाही. पुन्हा घेतला. योगेश देसाई समजूतदारपणे हात हलवू लागले, राहू दे, राहू दे. आणि बाबांनी मान वळवून सिद्धीकडे बघितलं. पेडण्यानंतर पहिल्यांदाच.

"सगळा," सिद्धी म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं बाबांनीच वाजवलंय. मी त्यात कुठेच नाही, सर. मेस्त सुरावर उशिरा पोचायचे, तसं मला येतच नाही. ऐकलंत तर कळेल."

"हो हो," योगेश देसाई म्हणाले. "अर्थात." त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, सिद्धीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि दारातून बाहेर पडताना शेवंतीला हळूच म्हणाले, "मुलगी फार चांगली आहे हो तुमची." बाहेर स्कूटर सुरू झाली, लांब गेली.

मशीन घरघरत राहिलं. सिद्धी कपबशी उचलायला वाकली.

"मानला नाय तेणी," ती म्हणाली.

बाबा छताकडे बघत होते. त्यांना दोन शब्द गोळा करायला इतका वेळ लागला की मधे तिने बशी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि परत आली.

"सांगीत रव," ते म्हणाले.

रागाने म्हणाले की मायेने, ते तिला कळलं नाही. आवाजात तेवढा वाराच नव्हता. फाटकापाशी कुणीतरी हाक मारली, "शेवंतीवयनी, आसात काय घरात?" दुधवाल्याची आई असावी, तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या. सिद्धीने ओढणी सारखी केली आणि दार उघडायला गेली.